नुसते वाहन कुणी पाहिले आहे?

जानेवारीतली गोष्ट. मगरिबच्या सुमारास माझी भाची घरी आली, खांद्यावरची पिशवी न काढताच खुर्चीत बसली आणि म्हणाली, ''मामू, मेरेकू ये समजताच नै.''

'ये' म्हणजे डिप्लोमाच्या तिसऱ्या सत्रातला एक विषय : सी प्लस प्लस वापरून ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग. निकाल लागला होता. बाकीचे विषय सुटले होते, या एकात केटी लागली होती. दुल्हाभाईंनी घरात जाहीर करून टाकले होते की उन्हाळी परीक्षेत हा सुटला नाही तर कॉम्प्युटर बंद. घरी बसून बी.ए. करायचे. ''तुझ्या मामूने केलेच ना!''

तो बी.ए. केलेला मामू म्हणजे मी. तेही मराठी विषय घेऊन. कविता लिहितो, पोटासाठी छापखान्यात प्रुफे तपासतो. पोरगी माझ्याकडे आली ती मला काही येते म्हणून नव्हे, माझ्याकडे वेळ असतो म्हणून. तिची वही मी चाळली. व्याख्याच व्याख्या, सगळ्या इंग्रजीत, वळणदार अक्षरात. एकीवर बोट ठेवून विचारले, तर डोळे मिटून एका दमात म्हणून दाखवली. ''म्हणजे काय?'' यावर मात्र गप्प. ही गप्पी माझ्या ओळखीची आहे. वृत्तांची लक्षणे घडाघडा म्हणणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना ओळ चुकली की नाही हे कानाने मात्र कळत नाही.

पुस्तकात पहिले उदाहरण कुत्र्या-मांजराचे होते. प्राणी हा एक क्लास, कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करते. उदाहरण चुकीचे नाही. पण कुत्र्याने भुंकावे यासाठी कुणाला कधी प्रोग्रॅम लागला? ज्या उदाहरणात अडचणच नाही, त्यात त्या अडचणीवरचा उपाय कसा दिसणार? म्हणून मी उलटीकडून निघालो. ही भानगड पहिल्यांदा कुणाला, कशासाठी सुचली, ते वाचू लागलो. आणि वाचता वाचता थेट टोलनाक्यावर जाऊन पोहोचलो.

नॉर्वे देशात ओस्लो येथे नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटर नावाची संस्था आहे. १९६० नंतरच्या दशकात तिथे क्रिस्टन न्यूगार्ड आणि ओले-योहान डाल हे दोघे काम करत होते. त्यांना गणकयंत्रावर खऱ्या व्यवहाराची नक्कल करायची होती. कारखान्यात काम कुठे तुंबते, रांग किती वाढते, एक खिडकी वाढवली तर काय फरक पडतो, असले प्रश्न. यासाठी त्यांनी एक भाषा तयार केली, तिचे नाव सिम्युला. त्यांच्या उदाहरणांत एक होते पुलाचे. पुलावर टोलनाका, नाक्यापुढे वाहनांची रांग, रांगेत काही ट्रक आणि काही बसगाड्या.

आता हे उदाहरण आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पुणे-बंगळूर महामार्गाने गेलेल्या माणसाने किणीचा नाका पाहिलेला असतो. भाचीला म्हटले, वही मिट, आपण नाक्यावर उभे राहू.

जुन्या पद्धतीने प्रोग्रॅम लिहायचा तर काय होते? माहिती एकीकडे आणि कृती दुसरीकडे. एका तक्त्यात गाड्यांचे नंबर, दुसऱ्यात प्रकार, तिसऱ्यात आस किती ते. आणि टोल काढायची कृती वेगळ्या जागी : कार असेल तर इतके, बस असेल तर तितके, ट्रक असेल तर आस मोजून अमुक इतके. 'असेल तर'ची ही शिडी फक्त टोल काढताना लागते असे नाही. पावती छापताना तीच, दिवसाचा हिशेब करताना तीच, रांगेची लांबी काढताना पुन्हा तीच. उद्या शासनाने वाहनाचा एक नवा प्रकार काढला की या सगळ्या शिड्या शोधून प्रत्येकीला एक पायरी जोडायची. एक जरी राहिली, तरी हिशेब चुकला. आणि चूक कुठे आहे ते सांगणार कोण?

न्यूगार्ड आणि डाल यांनी काय केले, तर प्रत्येक गाडीची माहिती आणि त्या गाडीला करता येणाऱ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या. गाडी आपला नंबर स्वतःजवळ ठेवते, कधी आली ते ठेवते, आणि तुझा टोल किती असे विचारले तर तीच सांगते. असे एक गाठोडे म्हणजे ऑब्जेक्ट. आणि असे गाठोडे कसे बांधायचे, त्यात काय काय असेल, हे एकदाच लिहून ठेवलेले वर्णन म्हणजे क्लास. एकटा क्लास नाक्यावरून जात नाही. त्याबरहुकूम तयार झालेला, स्वतःचा नंबर असलेला ट्रक जातो.

'क्लास' या शब्दाने आपली मुले गोंधळतात. क्लास म्हणजे शिकवणी, वर्ग म्हणजे खोली. मला आठवला तो छापखाना. माझ्या उमेदवारीच्या काळात शिशाचे खिळे जुळवून छपाई होत असे. 'क' अक्षराचा साचा एक, पण त्यातून पडलेले खिळे शेकडो. साचा म्हणजे क्लास, खिळा म्हणजे ऑब्जेक्ट. भाचीला हे पटकन पटले. पण उपमा फार ताणू नये हे कवीइतके कुणाला कळते? खिळा मुका असतो. पेटीतले सगळे 'क' सारखेच, झिजले तेवढाच फरक. ऑब्जेक्टला मात्र स्वतःची स्थिती असते आणि ती बदलते. रांगेत दहावी असलेली गाडी नववी होते, आठवी होते. त्याच क्लासची दुसरी गाडी तोवर पूल ओलांडून गेलेली असते.

नवीन ऑब्जेक्ट तयार होताना जी नोंद करावी लागते, तिला कन्स्ट्रक्टर म्हणतात. गाडी जन्माला येतानाच तिला नंबर द्यायचा, नंतर देऊ म्हणायचे नाही. नाहीतर बिननंबरी गाडी रांगेत शिरते. एवढेच त्याचे काम. पुस्तकाने त्यावर सहा पाने घेतली आहेत.

पुढे ते एन्कॅप्सुलेशन. व्याख्या तिला पाठ होती, अर्थ फास्टॅगने लावून दिला. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हापासून काचेवरची ती चिकटपट्टी सगळ्यांना माहीत आहे. त्या टॅगच्या मागे एक खाते असते, खात्यात शिल्लक असते. नाका काय करतो? तुमच्या खात्यात हात घालून शिल्लक खोडून नवा आकडा लिहितो का? तो फक्त निरोप पाठवतो, एवढे पैसे वळते करा. शिल्लक पुरेशी आहे की नाही ते खाते बघते आणि हो किंवा नाही असे कळवते. प्रोग्रॅममध्येही तसेच. शिल्लक हा आकडा 'प्रायव्हेट' ठेवायचा, म्हणजे बाहेरच्या कोडला त्याला थेट शिवता येत नाही. बाहेरच्यासाठी दोन-तीन दारे ठेवायची : पैसे भर, पैसे वळते कर, शिल्लक सांग. या दारांना मेथड म्हणतात.

भाचीने इथे चांगला प्रश्न विचारला. ''प्रोग्रॅम मीच लिहिणार, तर माझ्यापासूनच मी काय लपवायचे?'' मी म्हटले, लपवायचे म्हणून नव्हे, चूक शोधायची म्हणून. कुणालाही कुठूनही शिल्लक बदलता येत असेल आणि एक दिवस ती उणे सातशे निघाली, तर सगळा प्रोग्रॅम ओळ न ओळ तपासावा लागेल. दार एकच असेल तर दारापाशी जाऊन बसायचे. घराला आठ दारे असली की चोर कुठून आला ते कळत नाही.

यानंतरचा अडथळा मला स्वतःला फार आवडला, कारण तो नावांचा होता. तिने एका गाडीच्या ऑब्जेक्टला दोन नावे दिली होती आणि एका नावाने नंबर बदलला, तर दुसऱ्या नावाखालीही बदललेला दिसला. तिला वाटले कॉम्प्युटर बिघडला. म्हटले, बेटी, घरात मला एका नावाने हाक मारतात, मुशायऱ्यात माझा तखल्लुस पुकारतात. घरच्या नावाला ताप आला तर तखल्लुसला बरे वाटते का? नाव निराळे, माणूस निराळा. नाव म्हणजे फक्त पत्ता. सी प्लस प्लसमध्ये पॉइंटर किंवा रेफरन्स वापरला की असे होते. एका पत्त्याला दुसरा पत्ता बरोबर केला तर नवी गाडी तयार होत नाही, त्याच गाडीकडे दोन बोटे दाखवली जातात. तिकडे माझ्या कवितासंग्रहाच्या दोन प्रती घेतल्या तर मजकूर तोच, पण एकीवर चहा सांडला म्हणून दुसरी भिजत नाही. 'सारखे असणे' आणि 'तेच असणे' यात हा फरक आहे. परीक्षेत याला दोन गुण असतात, पण माझ्या मते निम्मा विषय इथेच आहे.

आता पुन्हा ओस्लोला. ट्रक आणि बस दोघांनाही रांगेत उभे राहायचे आहे. दोघांना नंबर आहे, येण्याची वेळ आहे. पण ट्रकला माल आहे, बसला प्रवासी आहेत. ट्रकचे आणि बसचे वर्णन वेगवेगळे लिहावे, तर निम्मा मजकूर दोनदा लिहावा लागतो. एकच लिहावे, तर ट्रकमध्ये प्रवाशांचा रकाना आणि बसमध्ये मालाचा रकाना रिकामा पडून राहतो. या दोघांनी तोड काढली ती अशी : दोघांत समान ते 'वाहन' म्हणून एकदा लिहायचे आणि ट्रकच्या व बसच्या वर्णनाआधी ते जोडून द्यायचे. पुढे आपापले वेगळेपण तेवढे लिहायचे. १९६७ च्या मे महिन्यात ओस्लोजवळ भरलेल्या परिषदेत त्यांनी हे मांडले, आणि सिम्युला ६७ या भाषेत ते उतरले. आज ज्याला इन्हेरिटन्स म्हणतात ते हेच.

मराठीत त्याला 'वारसा' म्हणतात आणि तिथे घोळ होतो. वारसा म्हटले की आपल्याला सातबारा आठवतो. भाचीची समजूत झाली होती की बाप क्लासच्या ऑब्जेक्टमध्ये पाचशे रुपये असले तर मुलाच्या ऑब्जेक्टला ते मिळतात. तसे काही नाही. इथे कुणी मरत नाही आणि कुणाला हिस्सा मिळत नाही. 'ट्रक हा एक प्रकारचे वाहन आहे', एवढेच विधान आहे. वर्णन मिळते, पुंजी मिळत नाही. म्हणून मी तिला कसोटी दिली : 'अमुक हा एक प्रकारचा तमुक आहे' असे वाक्य करून बघ. ट्रक हा एक प्रकारचे वाहन आहे, हे ठीक. ट्रक हा एक प्रकारचे इंजिन आहे? नाही, ट्रकमध्ये इंजिन आहे. तिथे वारसा लावायचा नाही, इंजिनाचा ऑब्जेक्ट ट्रकच्या पोटात ठेवायचा. हे वाटते सोपे, पण भल्याभल्यांची यात चूक झाली आहे. १९९४ मध्ये 'डिझाइन पॅटर्न्स' नावाचे गाजलेले पुस्तक निघाले, त्याच्या चार लेखकांनी हेच बजावले की वारशापेक्षा पोटात ठेवणे बरे. अलीकडच्या गो आणि रस्ट या भाषांनी तर क्लासचा वारसा ठेवलेलाच नाही.

मार्चमध्ये खरी परीक्षा झाली, आमच्याच घरात. तिने टोलनाक्याचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. वाहन, त्याचे तीन प्रकार कार, बस, ट्रक. प्रत्येकाची टोल सांगण्याची स्वतःची मेथड. 'वाहन'मध्येही तिने एक टोल लिहून ठेवला, शंभर रुपये, काहीतरी असावे म्हणून. मग वाहनांची एक यादी केली, यादीतल्या प्रत्येकाला टोल विचारला. उत्तर काय यावे? कारला शंभर, बसलाही शंभर, सहा आसांच्या ट्रकलाही शंभर! पोरीचा चेहरा उतरला. दोन दिवस ती त्याच्याशी झगडत होती आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, राहू दे मामू, अब्बा म्हणतात तेच खरे.

मला कोड वाचता येत नाही, प्रुफे वाचता येतात. मी तिला म्हटले, यादीवर शीर्षक काय लिहिले आहेस? 'वाहने.' म्हणजे तुझे यंत्र गाडी बघतच नसावे, शीर्षक बघत असावे. ती थबकली, पुस्तक उघडले, आणि एक शब्द राहिला होता तो तिला सापडला : 'व्हर्च्युअल'.

गोष्ट अशी आहे. सी प्लस प्लसमध्ये हा शब्द लिहिला नाही, तर कोणती मेथड चालवायची हे प्रोग्रॅम चालण्याआधीच ठरते, आणि ते पॉइंटरच्या जाहीर केलेल्या प्रकारावरून ठरते. यादी वाहनांची, म्हणून वाहनाचा टोल. 'व्हर्च्युअल' लिहिले की निर्णय लांबणीवर पडतो. प्रोग्रॅम चालू असताना समोर प्रत्यक्ष कोण आले आहे ते पाहून त्याची मेथड चालते. नाका एकच प्रश्न विचारतो, 'तुझा टोल किती?', आणि ट्रक ट्रकसारखे उत्तर देतो, बस बससारखे. याला पॉलिमॉर्फिझम म्हणतात. मराठीत बहुरूपता. बहुरूपी गावात येत तेव्हा माणूस एक आणि रूपे अनेक असत. इथे उलटे, प्रश्न एक आणि उत्तर देणारे अनेक.

हा 'व्हर्च्युअल' शब्दही सिम्युलाकडून आलेला आहे. ब्यार्ने स्ट्राऊस्ट्रुप हा डेन्मार्कचा तरुण केंब्रिजला संशोधन करताना सिम्युला वापरत होता. विचार मांडायला ती भाषा त्याला फार आवडली, पण तिचा वेग त्याला पुरेना. १९७९ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जला गेल्यावर त्याने वेगवान 'सी' भाषेवर सिम्युलाच्या क्लासचे कलम केले. त्याचेच पुढे, १९८३ मध्ये, सी प्लस प्लस असे नाव झाले. वेगाची चिंता असल्यामुळे त्याने 'व्हर्च्युअल' सक्तीचा केला नाही, हवा त्याने लिहावा. १९९५ मध्ये आलेल्या जावात उलट रीत आहे, तिथे साधारण मेथड आपोआपच अशा असतात. म्हणजे भाचीने जावा शिकली असती तर हे दोन दिवस वाचले असते. पण मग तिला हे कळलेही नसते, असे ती आता म्हणते.

त्या शंभर रुपयांचे काय करायचे हा प्रश्न उरला होता. मी विचारले, नुसते वाहन नाक्यावर कधी आले आहे का? जीप येते, टेम्पो येतो, एसटी येते. जे कार नाही, बस नाही, ट्रक नाही, नुसतेच वाहन आहे, असे वाहन कुणी पाहिले आहे? मग त्याचा टोल तू कुठून आणलास? तिने तो आकडा काढून टाकला आणि तिथे लिहिले की टोल सांगणे बंधनकारक आहे, किती ते ज्याचे त्याने ठरवावे. असा क्लास म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट क्लास. त्याचा ऑब्जेक्ट करायला गेलात तर यंत्र नकार देते. आणि त्याच्या एखाद्या मुलाने टोलची मेथड लिहिली नाही, तर त्याचाही ऑब्जेक्ट होऊ देत नाही. शंभर रुपयांच्या त्या खोट्या उत्तरापेक्षा हा नकार बरा, नाही का? खोट्या उत्तराने दोन दिवस खाल्ले होते.

ॲलन के या अमेरिकन शास्त्रज्ञाबद्दलही सांगितले पाहिजे, कारण 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हे शब्द त्याचे. तो पदवीला जीवशास्त्र आणि गणित शिकलेला. सिम्युला पाहिल्यावर त्याला पेशी आठवल्या. प्रत्येक पेशीला आपले आवरण, आत काय चालले ते आतच, आणि बाहेरच्यांशी फक्त निरोपांची देवघेव. १९७० नंतर झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात त्याने आणि डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा घडवली, आणि ती घडवताना त्यांच्या डोळ्यांसमोर लहान मुले होती. पुढे ॲलन केने म्हटले की 'ऑब्जेक्ट' हा शब्द आपण दिला याचा खेद होतो, लोक वस्तूकडेच बघत बसले. मुख्य गोष्ट निरोपाची होती. शब्द चुकीचा पडल्याची खंत बाळगणारा शास्त्रज्ञ मला जवळचा वाटला. २००१ चे ट्यूरिंग पारितोषिक डाल आणि न्यूगार्ड यांना मिळाले, २००३ चे ॲलन केला. संगणकशास्त्रात याहून मोठा मान नाही. डाल आणि न्यूगार्ड दोघेही २००२ च्या उन्हाळ्यात, काही आठवड्यांच्या अंतराने गेले.

परीक्षेच्या आदल्या रविवारी दुल्हाभाई भाचीला न्यायला आले. ती आत काम करत होती म्हणून बसले, पडद्याकडे बघत म्हणाले, हा नाका कसला? तिने सांगितले. त्यांचा मालवाहतुकीचा छोटा धंदा आहे, नाक्यांवर आयुष्य गेले आहे. त्यांनी लगेच खोट काढली. ''ॲम्ब्युलन्स आली तर? तिला टोल नसतो.''

भाचीने नवा क्लास लिहिला, ॲम्ब्युलन्स, हा एक प्रकारचे वाहन आहे, टोल शून्य. चार-पाच ओळी. ॲम्ब्युलन्स रांगेत सोडली. इतरांचा टोल बरोबर, ॲम्ब्युलन्सचा शून्य. दुल्हाभाई म्हणाले, ''आणि नाक्याच्या हिशेबात काय बदललेस?''

''काही नाही, अब्बा. नाक्याला हात लावला नाही.''

त्यांनी परत एकदा विचारले. तिने नाक्याचा भाग उघडून दाखवला. त्यात 'ॲम्ब्युलन्स' हा शब्दच नव्हता. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले, मग म्हणाले की सहा आसांच्या पुढच्या मोठ्या गाड्यांचा दर वेगळा असतो, तो धरलास का? तो धरलेला नव्हता. चहा थंड झाला, आणि दोघे बापलेक साडेनऊपर्यंत तो धरत बसले.

विषय सुटला. सत्तरपैकी चौवेचाळीस. दोन गुण नावांच्या प्रश्नाचे गेले, ते का गेले यावर तिचा आणि माझा वाद अजून चालू आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)